चष्मा लागलेल्या मुलीला हवाई संरक्षणात जागा आहे का?

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. गणित, भौतिकशास्त्र चांगलं आहे. आपल्या हद्दीत घुसणारी विमानं अडवायची, लढाऊ वैमानिक व्हायचं, हे तिनं आठवीपासून ठरवलंय. आता डोळे तपासले तर दोन्हीकडे पावणेदोनचा मायनस नंबर निघाला. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) प्रवेशपरीक्षेची पुस्तकं तिनं बांधून माळ्यावर टाकली. तिला इंजिनीअरिंगकडे वळवू का?
– एक वडील

उत्तर : इतक्यात नको. कटू भाग आधी सांगते. एनडीएतून हवाई दलाच्या फ्लाइंग म्हणजे वैमानिकांच्या शाखेत जाण्यासाठी हा नंबर चालत नाही. ‘बघू, मेडिकलला निभावून जाईल’ असं एखादा क्लास सांगत असेल तर तिथे पैसे भरू नका.

पण घुसखोर विमान एकटा वैमानिक अडवत नाही. लढाऊ विमानं चोवीस तास आभाळात राहूच शकत नाहीत, तेवढं इंधन पुरत नाही. तणाव असेल तेव्हा ती गस्त घालतात. एरवी शस्त्रं चढवलेली विमानं धावपट्टीच्या टोकाशी सज्ज असतात आणि हुकूम आला की काही मिनिटांत उडतात. हा हुकूम जिथून येतो, ती जागा तुमच्या मुलीला कुणी दाखवलेलीच नाही.

देशाच्या हद्दीत येणाऱ्या विमानाचा मार्ग आधी कळवलेला असतो, त्याला एअर डिफेन्स क्लिअरन्सचा, म्हणजे हवाई संरक्षणाच्या परवानगीचा, क्रमांक मिळालेला असतो. रडारवरचा ठिपका या नोंदींशी जुळला नाही की प्रश्न उभा राहतो: वाट चुकलेलं प्रवासी विमान, रेडिओ बिघडलेलं मालवाहू, की शत्रू? ही छाननी आणि पुढे आपल्या विमानाला नेमक्या दिशेनं, नेमक्या उंचीवर त्या ठिपक्यापर्यंत नेणं, हे जमिनीवर रडारपाशी बसणाऱ्या फायटर कंट्रोलरचं काम. समोरासमोर येणारी दोन विमानं ताशी ९०० किलोमीटरनं उडत असतील, तर त्यांच्यातलं अंतर दर मिनिटाला ३० किलोमीटरनं घटतं. कंट्रोलरला हे गणित डोक्यात करत, आवाज न चढवता, मोजक्या शब्दांत वैमानिकाशी बोलायचं असतं. तुमच्या मुलीचं गणित चांगलं आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मे २०१९ मध्ये कराचीहून दिल्लीकडे निघालेलं एक अँटोनोव्ह-१२ मालवाहू विमान ठरलेला मार्ग सोडून उत्तर गुजरातेतून आत आलं. सुखोई-३० विमानांनी त्याला गाठून जयपूरला उतरवलं. एकही गोळी न झाडता. नागरी विमानावर शस्त्र चालवणं टाळावं, असं आंतरराष्ट्रीय हवाई कायदाही सांगतो. १९८३ मध्ये कोरियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं, त्यानंतर नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो करारात तसं कलमच घातलं गेलं. म्हणून ओळख पटवणारा माणूस इतका मोलाचा. माझ्या मते या साखळीतली सगळ्यात अवघड खुर्ची तीच आहे.

मुलीला मिंटी अगरवाल यांच्याबद्दल जरूर वाचायला द्या. २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानी विमानं चालून आली, तेव्हा त्या फायटर कंट्रोलर म्हणून आपल्या वैमानिकांना मार्गदर्शन करत होत्या. युद्ध सेवा पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

आता वाट. पुस्तकं माळ्यावरून खाली काढा. एनडीएच्या हवाई दलाच्या जागांमध्ये ग्राउंड ड्यूटीच्या, म्हणजे जमिनीवरच्या कामांच्याही जागा असतात, आणि त्यांना ठरावीक मर्यादेतला चष्मा चालतो. पावणेदोन त्या मर्यादेत बसतो. २०२२ पासून मुली एनडीएत दाखल होत आहेत. बारावीला असतानाच परीक्षा देता येते. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मात्र अजिबात सोडायचं नाही.

तिथे जमलं नाही तर पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची सामायिक प्रवेश परीक्षा आहे. पदवीला ६० टक्के लागतात, ग्राउंड ड्यूटीसाठी वयोमर्यादा २० ते २६. फायटर कंट्रोलर प्रशासन शाखेतून घेतले जातात, त्यामुळे पदवी इंजिनीअरिंगचीच हवी असं नाही. ती इंजिनीअरिंग करणार असेल तर आवडीनं करू दे, रडार-इलेक्ट्रॉनिक्सची तांत्रिक शाखाही मग खुली होते. पण हे तिला ‘त्याऐवजी हे’ म्हणून सांगू नका. तसं सांगितलं की मुलं कामाकडे दुय्यम म्हणूनच बघतात, आणि हे काम दुय्यम नाही.

लेसरनं नंबर घालवायचा विचार घरात येईलच. आत्ता नको. विसाव्या वर्षाआधी केलेलं ऑपरेशन हवाई दलाच्या मेडिकलला चालत नाही, आणि ते एकदा झालं की मागे फिरता येत नाही. विशीनंतर एएफकॅटमधून फ्लाइंगचा विचार करायचाच असेल, तर त्या वर्षीच्या अधिसूचनेतल्या डोळ्यांच्या अटी छापून नेत्रतज्ज्ञांपुढे ठेवा आणि मगच ठरवा.