दया आणि गया

जळगाव, आखाजीचा दुसरा दिवस

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझी वही काल रात्री वाचून संपवली. गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या आहेत, समोरच्या निंबाला झोका बांधलाय. त्यांची गाणी कानावर आणि पुढ्यात तुझी वही. आजीवरची पानं दोनदा वाचली. तिचे केळीच्या चिकाने काळे पडलेले हात तू फार नेमके टिपलेस. पण तिच्या तोंडची भाषा तिची नाही गं. यावल तालुक्यात उभा जन्म गेलेली लेवा घरची बाई 'डोळे' कशाला म्हणेल? ती 'ळ'चा 'य' करते, 'डोये' म्हणते. तुलाही हे ठाऊक आहे, लिहिताना हात आपसूक वळला.

माझाही वळला होता.

माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. कळण दळायचं असलं की ज्वारीत उडीद मिसळून सुपात घेतलेले असत. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्याने घास टाकायचा, आणि ओवी चालू. मी बाजूला गोधडीत, अर्धा झोपेत. ती गेल्यावर दोन वर्षांनी मी तिच्या ओव्या आठवतील तशा उतरवल्या. एका ओवीत एक ओळ 'दया'वर संपायची आणि पुढची 'गया'वर, म्हणजे गळा. मी वहीत 'गळा' लिहून टाकलं. यमक मोडलंय हे कळायला मला वीस वर्षं लागली. तो शब्द निदान यमकामुळे सापडला. जिथे यमकाची राखण नव्हती, तिथे मी आजीचे किती शब्द पुसले असतील, या विचाराने अजून जीव कासावीस होतो.

मनाची ही खोड जुनीच आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक गोष्ट तिथल्या लोकांना वाचायला दिली आणि पुढे काही दिवसांनी, काही महिन्यांनी ती त्यांच्याकडून आठवून लिहून घेतली. गोष्टीतली 'कनू' कित्येकांच्या लिखाणात साधी 'बोट' झाली, भुतांचा भाग गळाला किंवा पटेल असा बदलला. कुणीही खोटं लिहिलं नव्हतं. अनोळखी गोष्ट मन आपल्या ओळखीची करून घेतं आणि तीच मूळची होती असं आपल्याला शपथेवर सांगतं. बार्टलेटचं पुस्तक 1932 सालचं.

त्याच साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा प्रवचनं. बोलणं चालू असतानाच साने गुरुजी ते उतरून घेत होते, म्हणून ते आज आपल्या हातात आहे.

आणि बहिणाबाई. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काम करता करता गात, घरची माणसं टिपून ठेवत. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी, पुस्तकी मराठीत लिहिणारा. पण आईचा 'य' त्यांनी आईचाच राहू दिला. मला हे फार मोठं वाटतं. नाहीतर 'वढाय'चं 'वढाळ' व्हायला कितीसा वेळ लागला असता? कितीदा हाकललं तरी पुन्हा पिकात तोंड घालणारं ढोर ते वढाय. हा शब्द मनाला लावायला ढोरामागे बांधाबांधाने पळालेलीच बाई हवी.

म्हणून कविता थोड्या दिवस बाजूला ठेव आणि आजीजवळ बस. 'ओव्या सांग' म्हणालीस तर ती 'मले काय येतं?' म्हणून उठून जाईल. तिच्यासोबत शेंगा फोड, वाती वळ. हात कामाला लागले की तिला आपोआप आठवेल. माझ्या आजीला खाटेवर बसून एक ओवी धड सांगता येत नसे, खुंटा हातात आला की दहा यायच्या. मोबाईलवर रेकॉर्ड कर, पण त्याच दिवशी उतरवून काढ. ती तेव्हा काय करत होती, कुठल्या शब्दावर थांबली, कुठे नुसतीच हसली, तेही समासात लिही. न कळलेला शब्द ऐकू आला तसा ठेव. अर्थ नंतर विचारता येतो.

आणि माझं एक काम कर. जात्याभोवतीचं पीठ आजी ज्याने गोळा करायची, त्याला तिचा एक शब्द होता. माझ्या वहीत 'कुंचा' लिहिलंय. तो तिचा शब्द नव्हता, एवढं पक्कं आठवतं. तुझ्या आजीला विचार आणि ती म्हणेल तस्साच मला लिहून पाठव.

तुझा,
काका