जुर्चेन म्हणावं की मांचू?

प्रश्न असा आला आहे: "बाराव्या शतकात मांचूंनी उत्तर चीन जिंकला, असं एका लेखात वाचलं. दुसरीकडे त्याच विजेत्यांना जुर्चेन म्हटलं आहे. हे एकच लोक का? मराठीत कोणता शब्द बरोबर?"

लोक एका परंपरेतले, पण बाराव्या शतकासाठी 'जुर्चेन' हाच शब्द बरोबर. त्यांचा नेता वानयान आगुदा याने १११५ साली जिन राज्य स्थापलं, ११२५ पर्यंत जुर्चेनांनी उत्तरेतल्या खितान लोकांचं लियाओ राज्य संपवलं, आणि ११२७ मध्ये चीनच्या सोंग घराण्याची राजधानी कायफेंग पडल्यावर त्या घराण्याचे दोन सम्राट जुर्चेनांचे कैदी झाले. यातल्या कोणालाही 'मांचू' म्हणणं म्हणजे यादवांच्या देवगिरीला दौलताबाद म्हणण्यासारखं आहे. जागा तीच, पण ते नाव पुढच्या काळातलं.

'मांचू' हे साऱ्या जमातीचं नाव झालं ते राजाज्ञेने, आणि त्या आज्ञेचं साल आपल्याला माहीत आहे: १६३५. पुढे चीनवर मिंग घराण्याचं राज्य असताना जुर्चेनांच्या टोळ्या विखुरलेल्या होत्या. नुरहाचीने त्या एकेक करून जिंकल्या, १६१६ साली स्वतःला खान घोषित केलं आणि आपल्या राज्याला जुन्या वैभवाची आठवण देणारं 'जिन' हेच नाव दिलं. जिन म्हणजे सोनं. त्यांच्या स्वतःच्या भाषेत सोन्याला 'आइसिन' म्हणतात, आणि राजकुळाचं नावही आइसिन ग्योरो. नुरहाचीचा मुलगा होंग ताइजी याने १६३५ मध्ये 'जुशेन' (जुर्चेनचं त्यांच्या बोलीतलं रूप) हे नाव बंद केलं. आमच्या राज्याची मूळ नावं मांजू, हादा, उला, येहे, होइफा अशी आहेत. अजाण लोक आम्हाला जुशेन म्हणतात. यापुढे सर्वांनी मांजू म्हणावं, असा त्या आज्ञेचा आशय. हादा, उला, येहे आणि होइफा ही त्याच्या बापाने जिंकलेली राज्यं होती. जिंकणारे आणि जिंकलेले एकाच नावाखाली आले. मला तर ही आज्ञा त्याच्या लढायांइतकीच महत्त्वाची वाटते. पुढच्याच वर्षी राज्याचं नावही बदलून 'छिंग' झालं; पुढे चीनवर राज्य केलेलं छिंग घराणं ते हेच. जिन म्हटलं की चिनी लोकांना कायफेंगचा अपमान आठवे, म्हणून ते नाव टाकलं, असं कारण अनेक इतिहासकार देतात.

'जुशेन' शब्द मात्र मेला नाही, तो खाली घसरला. छिंग काळातल्या मांचू भाषेत त्याचा अर्थ एखाद्या सरदाराच्या ताब्यातला माणूस, अंकित रयत असा राहिला. अख्ख्या जमातीचं नाव दर्जा दाखवणारं सामान्यनाम होऊन बसलं.

आता रूपांविषयी. चिनी ग्रंथांत जुर्चेनांसाठी 'नुझेन' आणि 'नुझी' अशी दोन रूपं सापडतात. ते दोन वेगळे लोक नव्हेत. लियाओच्या एका सम्राटाच्या व्यक्तिनावात 'झेन' होतं आणि सम्राटाचं नाव लिहिणं निषिद्ध, म्हणून लेखनिकांनी 'नुझी' केलं. 'मांचू'चा मूळ मांचू उच्चार 'मांजू', आपल्या मंजू या नावातल्या 'ज'सारखा. अठराव्या शतकात छिंग दरबाराने तो बोधिसत्त्व मंजुश्रीशी जोडला. संस्कृत कानांना ही जोडणी मोहवते, पण ती व्युत्पत्ती सिद्ध झालेली नाही. मराठीत 'मांचू' रुळलं आहे, तेच ठेवावं.

'मांचुरिया' हा शब्द जपून वापरावा. प्रदेशाला हे नाव जपानी आणि युरोपीय नकाशांतून रूढ झालं, आणि १९३२ ते १९४५ या काळातल्या जपानच्या अंकित 'मांचुकुओ'मुळे चीनमध्ये ते खुपतं. तिथे या भागाला नुसतं 'दोंगबेई', म्हणजे ईशान्य, म्हणतात. आजच्या संदर्भात 'ईशान्य चीन' लिहावं. (हॉटेलातलं मंचुरियन भारतात घडलं, मांचूंच्या स्वयंपाकाशी त्याचा संबंध नाही.)

थोडक्यात वापर असा ठेवता येईल: १६३५ पूर्वी जुर्चेन, नंतर मांचू. नुरहाची १६२६ मध्ये वारला, त्यामुळे 'जुर्चेन नेता नुरहाची' हे काटेकोर. 'मांचू सत्तेचा संस्थापक नुरहाची' हेही चालेल, कारण तिथे आपण मागे वळून बोलत असतो.