वाचकांचे प्रश्न : विजापूर एका दिवसात, स्वतंत्र गाडीने

थंडी पडू लागली की या सदराकडे विजापूरविषयीची पत्रे येऊ लागतात. त्यांपैकी चार या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही सहा जण सोलापूरहून एका दिवसासाठी विजापूरला जाणार आहोत. आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. परदेशात राहणारी माझी बहीण ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिकत्व) कार्डधारक असून तिचे पती परदेशी नागरिक आहेत. स्वतंत्र गाडी आणि दिवसभराचा गाईड देऊ करणाऱ्या एका एजंटाने आम्हांला चौदा ठिकाणांची यादी पाठवली आहे. सकाळी आठला निघून सायंकाळी सातपर्यंत घरी परत, असे तो सांगतो. एवढे सगळे खरोखर पाहून होईल का? (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : होईल, पण बरेचसे गाडीच्या काचेतून. सोलापूर ते विजापूर हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. जाण्यायेण्याचे चार तास आणि जेवणाचा एक तास वजा केला, तर तुमच्या अकरा तासांतील सहाच तास उरतात आणि चौदा ठिकाणांच्या वाट्याला जेमतेम पंचवीस-पंचवीस मिनिटे येतात. गाडी लावणे, तिकीट काढणे, चपला काढणे आणि मागे राहिलेल्या माणसाची वाट पाहणे हे सगळे त्यातच आले. स्वतंत्र गाडीसाठी आपण जादा पैसे मोजतो ते कुठे किती रेंगाळायचे हे आपल्या हातात राहावे म्हणून. तो अधिकार एजंटाच्या यादीला बहाल करायचा असेल, तर बसने गेलेले काय वाईट?

माझ्या मते पाच ठिकाणे पुरेत आणि ती पूर्वेकडून पश्चिमेकडे जात पाहावीत. गोलघुमट शहराच्या पूर्व टोकाला आहे, मधल्या भागात जुम्मा मशीद आणि बारा कमान ही अपुरी राहिलेली कबर, पश्चिम तटावर मुलूखमैदान तोफ आणि तटाबाहेर इब्राहिम रोजा. या क्रमाने गेल्यास गाडी एकदाही उलट फिरवावी लागत नाही.

घरून आठऐवजी साडेपाचला निघा. एवढ्या पहाटे निघण्याचे कारण म्हणजे गोलघुमटाचा सज्जा. मुहम्मद आदिलशाहाची (कारकीर्द १६२७ ते १६५६) ही कबर. तिच्या घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर असून आत आधाराला एकही खांब नाही. एकमेकींना छेदत जाणाऱ्या आठ कमानींनी खालच्या चौरस दालनाचे वर वर्तुळ करत आणले आहे आणि त्या वर्तुळावर घुमट बसवला आहे. घुमटाच्या पायथ्याशी आतून गोल फिरणाऱ्या सज्ज्यात भिंतीला तोंड लावून कुजबुजले, तर समोरच्या बाजूला भिंतीशी कान लावून बसलेल्याला ती कुजबुज शेजारी बसून बोलल्यासारखी ऐकू येते. एकदा भल्या सकाळी तेथे माझ्याखेरीज तिघेच होते. त्यांतील एका वृद्ध गाईडने पलीकडे जाऊन खिशातील जुन्या पावतीचा तुकडा हळूच फाडला आणि तो टर्रकन फाटल्याचा आवाज माझ्या कानाला अगदी लागून आला. नऊ-साडेनऊनंतर मात्र डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली वर चढतात. कोणी तरी पहिली टाळी वाजवतो, ती अनेक पटींनी परत येते, मग दुसरा आरोळी ठोकतो आणि त्यानंतर तासभर सज्ज्यात नुसता गोंगाट कोंडून राहतो. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्या वयात आपणही हेच केले असते.

तुमच्या आई-वडिलांनी मात्र वर जाऊ नये. वाट कोपऱ्यावरच्या सात मजली मनोऱ्यातील जिन्याने जाते. पायऱ्या अरुंद व उंच आहेत, अंधारही आहे आणि लिफ्ट नाही. त्यांना खालच्या दालनात, मधल्या चौथऱ्याजवळ थांबता येईल. त्या चौथऱ्यावर दिसतात त्या प्रतिकात्मक कबरी असून खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. समोरच्या नगारखान्याच्या इमारतीत पुरातत्त्व संग्रहालय आहे, तेही त्यांना सावकाश पाहता येईल.

जुम्मा मशिदीत नमाज चालतो, त्यामुळे अंग झाकणारे कपडे असावेत आणि शुक्रवारची दुपार टाळावी. जेवणाला गावातील एखाद्या साध्या खानावळीत ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळते. सोलापूरकरांना त्यात नवल वाटणार नाही, परंतु पाहुण्यांना वाटेल.

मुलूखमैदान तोफेला अर्धा तास द्या. वक्तृत्वाला आपण सहज ‘मुलूखमैदानी’ म्हणून जातो, ती हीच. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तेथून १६३२ मध्ये विजापूरला आली. सुमारे ५५ टन वजनाच्या या तोफेचे तोंड एका जबडा वासलेल्या श्वापदाचे आहे. जवळ जाऊन बाजूने पाहिले म्हणजे त्याच्या दाढांमध्ये चिरडला जात असलेला हत्ती दिसतो. समोरून छायाचित्र काढून निघून जाणाऱ्यांना तो दिसतच नाही. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर घेतल्यावर तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवला. पुढे १८५४ मध्ये ब्रिटिश अमलात तिचा लिलाव झाला, त्यात बोली आली दीडशे रुपये. सुदैवाने ती विक्री रद्द झाली.

इब्राहिम रोजाला चारच्या सुमारास पोहोचावे. दुसरा इब्राहिम आदिलशाह हा संगीताचा वेडा, दखनीत गीते रचणारा आणि सरस्वतीला वंदन करणारा सुलतान. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर त्याची कबर आणि मशीद आहे. खिडक्यांच्या दगडी जाळ्या अक्षरांच्याच कोरल्या आहेत, म्हणजे उजेड आत येतो तो अक्षरांच्या फटींतून. कलत्या उन्हात त्या आतून पाहाव्यात. ताजमहालाची कल्पना येथूनच घेतली, असे तुम्हांला सांगितले जाईल. ते ऐकून घ्यावे आणि जाळ्यांकडे पाहत राहावे. येथून निघालात की आठपर्यंत सोलापुरात असाल, म्हणजे एजंटाने सांगितल्यापेक्षा तासभर उशिरा.

तिकिटे गोलघुमट आणि इब्राहिम रोजा या दोन ठिकाणी लागतात. भारतीयांना प्रत्येकी २५ रुपये आणि परदेशी नागरिकांना ३०० रुपये असा दर असून ऑनलाइन काढल्यास थोडी सवलत मिळते. ओसीआय कार्डधारकांना राष्ट्रीय स्मारकांत भारतीयांचाच दर लागू आहे, परंतु खिडकीवर मूळ कार्ड दाखवावे लागेल, म्हणून ते जवळ असू द्या. मेहुण्यांना मात्र ३०० रुपयेच पडतील.

प्रश्न : सोलापूरपर्यंत रेल्वेने येऊन पुढे गाडी करण्याचा आमचा विचार आहे. जाऊन-येऊन आणि गावात फिरून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर होत असताना गाडीवाला तीनशेचे भाडे सांगतो. ही फसवणूक नाही का? ओळखीतील एक जण स्वतःची गाडी बऱ्याच कमी पैशांत द्यायला तयार आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : फसवणूक नाही. बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरण्याची पद्धत महाराष्ट्रात रुळलेली आहे, कारण गाडी आणि चालक त्या दिवशी दुसरे भाडे घेऊ शकत नाहीत. फसगत होते ती इतर ठिकाणी. किलोमीटर तुम्ही गाडीत बसल्यापासून मोजायचे की गाडी गॅरेजमधून निघाल्यापासून, टोल आणि पार्किंग कोणाचे, चालकाचा भत्ता किती, रात्री उशीर झाल्यास जादा काय, जीएसटी दरात आहे की वरून, आणि कर्नाटकात शिरताना काही भरावे लागल्यास ते कोणी भरायचे, एवढे सगळे आधी मोबाइलवर लिहून घ्यावे. तोंडी ठरलेले परतीच्या वाटेवर कोणालाच आठवत नाही. निघताना मीटरच्या आकड्याचे छायाचित्र काढून ठेवले की वादच उद्भवत नाही.

ओळखीच्याची गाडी पांढऱ्या पाटीची असेल, तर ती भाड्याने घेऊ नका. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि परवाना लागतो. राज्याबाहेर जायचे तर अखिल भारतीय पर्यटक परवाना असलेली गाडी घ्यावी. वाटेत अडवले तर दंड गाडीमालकाला होईल, पण सहल तुमची बुडेल. आणि अपघात झालाच, तर खासगी गाडी भाड्याने चालवली या कारणावरून विमा कंपनी हात वर करू शकते. वाचलेल्या हजार-दोन हजारांसाठी इतकी जोखीम घेऊ नये.

पैसे तीनशेचे भरणारच आहात, तर उरलेले किलोमीटर वापरा. इब्राहिम रोजाहून पश्चिमेला काही किलोमीटरवर तोरवी आहे. दुसऱ्या इब्राहिमाने १५९९ मध्ये तेथे नवरसपूर नावाचे नवे नगर वसवायला घेतले होते. त्यातील संगीत महालाचे अवशेष आज उघड्या माळावर उभे आहेत आणि जवळच नरसिंहाचे मंदिर आहे. एजंटांच्या याद्यांत तोरवी सहसा नसते, कारण तेथे दुकान नाही.

दुकानाचे हे मी अनुभवाने लिहितो. एका एजंटाच्या गाडीने गेलो असताना चालकाने ‘पाच मिनिटे’ म्हणून इरकली साड्यांच्या एका दुकानापाशी गाडी थांबवली. त्या पाच मिनिटांचा सव्वा तास झाला आणि आम्ही रोजाच्या दारात पोहोचलो तेव्हा राखणदार कुलूप लावत होता. साडी सुरेख होती, हे कबूल करतो. तरीही तेव्हापासून ‘वाटेत दुकानात थांबणार नाही’ हे वाक्य मी ठरवतानाच लिहून घेतो.

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या गाईडने सांगितले की, प्रतापगडावर निघण्यापूर्वी अफझलखानाने आपल्या त्रेसष्ट बायकांना विहिरीत ढकलून मारले आणि त्यांच्या कबरी आजही तेथे आहेत. बारा कमानीची सावली गोलघुमटावर पडणार म्हणून ते बांधकाम थांबवले, असेही तो म्हणाला. यातले खरे किती? (एक शिक्षक, सातारा)

उत्तर : कबरी खऱ्या आहेत. शहराबाहेर ‘साठ कबर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागी एकाच घडणीच्या कबरींच्या रांगा आहेत. त्या स्त्रियांच्या आहेत, हे कबरींच्या वरच्या दगडाच्या घडणीवरून ओळखले जाते. ज्योतिषाने मरण सांगितले, म्हणून खानाने सर्वांना मारले, ही मात्र लोकांत रुजलेली कथा आहे. तिला समकालीन कागदाचा भक्कम आधार नाही. गाईडने कथा कथा म्हणून सांगितली तर माझी तक्रार नाही. तोच आवाज खाली करून ‘सर, हे पुस्तकात मिळणार नाही’ म्हणू लागला की सावध व्हावे.

बारा कमानीच्या बाबतीत खरी गोष्ट तुम्हा-आम्हाला अधिक जवळची आहे आणि ती सांगायला गाईड विसरतात. तेथे पुरलेला दुसरा अली आदिलशाह (कारकीर्द १६५६ ते १६७२) म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला ‘आदिलशाह’. अफझलखान दरबारातून विडा उचलून निघाला तो याच्याच कारकिर्दीत, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी संपला. अलीला वडिलांच्या घुमटाहून मोठी कबर हवी होती, असे म्हणतात. ती कधीच पुरी झाली नाही. काळ्या दगडाच्या कमानी वर छत नसताना तशाच उभ्या आहेत. सावलीच्या कथेपेक्षा या कमानींखाली उभे राहून आपला इतिहास पलीकडच्या बाजूने पाहणे मला अधिक मोलाचे वाटते. बाल शिवाजीने दरबारात मुजरा नाकारल्याची गोष्टही विजापुरात हमखास ऐकायला मिळते. ती उत्तरकालीन बखरींतून आलेली आहे.

गाईड निवडताना पर्यटन खात्याचे ओळखपत्र पाहावे आणि दिवसभराचे मानधन आधी ठरवावे. मी आणखी एक करतो. ‘हे नेमके कशावरून?’ असा एक साधा प्रश्न सुरुवातीलाच विचारतो. ‘मला ठाऊक नाही’ असे निःसंकोच म्हणणारा गाईड मिळाला, तर त्यालाच घ्यावे. मराठी समजणारे आणि बोलणारे गाईड तेथे मिळतात, तशी मागणी मात्र आधी करावी.

प्रश्न : आम्हा आठ मैत्रिणींना सुट्टी शुक्रवारीच मिळते. त्या दिवशी गेलो तर चालेल का? आसार महाल पाहण्याची फार इच्छा आहे. (एक वाचिका, सांगली)

उत्तर : गोलघुमट आणि इब्राहिम रोजा शुक्रवारी उघडे असतात, गोलघुमटासमोरचे संग्रहालय मात्र त्या दिवशी बंद असते आणि जुम्मा मशीद दुपारी सोडावी लागेल. आसार महालात पैगंबरांचे केस म्हणून मानलेले अवशेष जपलेले असल्याने स्त्रियांना आत न सोडण्याची प्रथा आहे, त्यामुळे तुम्हांला तो बाहेरूनच पाहावा लागेल. समोरच्या तळ्याच्या काठावरून त्याचे उंच सागवानी खांब चांगले दिसतात. त्या वेळेत ताज बावडीला जा. १६२० च्या सुमाराची ही प्रचंड विहीर असून तिच्या दाराची भव्य कमान आणि आत पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या पाहण्यासारख्या आहेत.

गाडी ठरवताना एवढे लक्षात असू द्या की, १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘विजयपुरा’ आहे आणि त्याच नावाचे दुसरे एक गाव बंगळूरजवळ देवनहळ्ळी तालुक्यात आहे. मोबाइलच्या नकाशात गावाऐवजी थेट ‘गोलघुमट’ असे टाका.