'लिथा'ला मराठीत काय म्हणावं?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीचा प्रश्न आला आहे. त्यांच्या गावातला एक पेगन (निसर्गपूजक) गट 21 जूनच्या सुमारास 'लिथा' साजरा करतो. रात्रभर जाळाभोवती जागायचं, पहाटे टेकडीवर जाऊन सूर्योदय बघायचा, डोक्यावर रानफुलांची कडी घालायची. त्याचं निमंत्रण त्यांना मराठी मंडळींसाठी मराठीत लिहायचं आहे. त्यांनी 'मूर्तिपूजकांचा ऐन उन्हाळ्यातला सण' असं लिहिलं आणि वाचणाऱ्यांना ते खटकलं. का खटकलं?

मुख्य अडचण 'उन्हाळा' या शब्दात आहे. उन्हाळा म्हणजे मुळात 'उष्णकाल'. 'ऐन उन्हाळ्यात' म्हटलं की आपल्याला वैशाख दिसतो. अंगाची लाहीलाही, तापलेले पत्रे, दुपारी बंद केलेली दारं. तिथे सूर्यापासून लपायचं असतं. इंग्लंडातला माणूस त्या दिवसांत सूर्याला भेटायला बाहेर पडतो. शिवाय 21 जूनला आपल्याकडे उन्हाळा सरलेला असतो. त्याच सुमारास सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो, आणि आर्द्रा म्हणजे ओली! शेतकरी तिला 'आडदरा' म्हणतात. 'पडतील आडदरा तर झडतील गडदरा' ही म्हण त्या पावसाची. एकाच दिवशी त्यांच्याकडे उजेडाचा कळस आणि आपल्याकडे ओल. हा विरोधाभास मला फार सुंदर वाटतो. तो पुसून टाकणारं भाषांतर करू नये.

सूर्याचंच पाहा. मुंबई-पुण्यात तो मेच्या मध्याला डोक्यावर येतो, तेव्हा आपण शून्य सावलीचा दिवस पाहतो. 21 जूनपर्यंत तो आपल्याही उत्तरेला सरकलेला असतो. ढग नसतील तर भर दुपारी आपली सावली दक्षिणेला पडते. मुंबईतला दिवस तेव्हा सव्वातेरा तासांच्या आसपास, लंडनचा साडेसोळा तासांहून थोडा मोठाच. सण का जन्मला ते या फरकावरून कळतं.

मग इंग्रजीत या दिवसांना 'मिडसमर' म्हणतात, तो उन्हाळ्याचा मध्य कसा, शाळेत तर 21 जूनला तिकडचा उन्हाळा सुरू होतो असं शिकवतात, असंही त्यांनी विचारलं आहे. ब्रिटनच्या जुन्या लोकगणनेत उन्हाळा 1 मेच्या सुमारास लागतो आणि 1 ऑगस्टच्या सुमारास सुगी सुरू होते. त्या हिशेबात 21 जून साधारण मध्यावर येतो.

आता 'लिथा'. आठव्या शतकातला इंग्रज संन्यासी बीड याने 725 साली कालगणनेवर ग्रंथ लिहिला, त्यात जुन्या इंग्रजांच्या महिन्यांची नावं दिली आहेत. जून-जुलैच्या जोडीचं नाव 'लिथा': पहिला लिथा, नंतरचा लिथा. बीड त्याचा अर्थ 'सौम्य' किंवा 'नौकानयनाजोगा' असा देतो, कारण तेव्हा वारे शांत असतात. आणि चांद्रवर्षाचा मेळ घालायला जादा महिना आला की तोही लिथाच, म्हणून त्या वर्षाला 'तीन लिथांचं वर्ष' म्हणत. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. 2015 साली आपल्याकडे अधिक आषाढ आणि निज आषाढ असे दोन आषाढ होतेच की. पण लक्षात घ्या, बीडच्या लेखी लिथा हे महिन्यांचं नाव आहे, सणाचं नाही. ते सणाला चिकटवलं 1974 साली अमेरिकेतल्या एडन केली यांनी, आधुनिक पेगनांच्या आठ सणांच्या वर्षचक्रासाठी. म्हणजे शब्द जुना, वापर अलीकडचा. नाव म्हणून तो तसाच ठेवावा, आपण दिवाळीचं भाषांतर करत नाही तसा.

या दिवशी सूर्य उत्तरेचं टोक गाठतो, त्या खगोलातल्या घटनेला भूगोलाच्या पुस्तकांतला 'अयनदिन' हा नेमका शब्द आहे. इंग्रजीत त्याला 'सॉल्स्टिस' म्हणतात, त्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'सूर्याचं थांबणं'. काही दिवस उगवतीची जागा जवळजवळ हलत नाही, ते रोमनांनी टिपलं. आपल्या 'अयन'मध्ये जाणं आहे. परिभाषेतला 'विष्टंभ' थांबण्याच्या जवळ जातो, पण आयुर्वेदात त्याचा अर्थ मलावरोध. निमंत्रणात तो नको. 'दक्षिणायनारंभ' बिनचूक आहे, तरी मी टाळेन. शरशय्येवर उत्तरायणाची वाट पाहणारे भीष्म ज्यांच्या मनात आहेत, त्यांना दक्षिणायन शुभ वाटत नाही.

'पेगन'साठी 'मूर्तिपूजक' मात्र नकोच. तो शब्द बाहेरून दिलेला शिक्का आहे, आणि या मंडळींच्या पूजेत मूर्ती असेलच असं नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'खेडूत', गावशिवारातला माणूस. पुढे ख्रिस्ती न झालेल्याला तो तुच्छतेने लावला गेला. आपल्याकडे 'ग्राम्य'चं हेच झालं. काव्यशास्त्रात तर ग्राम्यत्व हा दोषच ठरला. आजचे पेगन तो शब्द अभिमानाने मिरवतात, म्हणून 'पेगन' लिहून सोबत 'निसर्गपूजक' द्यावं.

जाळाला 'शेकोटी' म्हणू नका, ती थंडीची. 'होळी' म्हटलं की फाल्गुन येतो. 'मोठा जाळ' पुरे. फुलांच्या कड्यासाठी गोव्याकडे बघा. 24 जूनला, सांज्यांवच्या दिवशी, तिथे डोक्यावर फुलापानांचं 'कोपेल' घालून लोक भर पावसात विहिरींत उड्या घेतात. तो सण संत जॉनच्या जन्माचा, ख्रिस्ती. युरोपातला मिडसमरही परंपरेने याच तारखेला बांधलेला आहे. फुलं डोक्यावर चढतात ती दोन्हीकडे. गोव्याची माणसं येणार असतील तर 'कोपेल' जरूर लिहा.

एकूण मी असं लिहीन: 'लिथा, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा निसर्गपूजकांचा (पेगनांचा) सण. मोठ्या जाळाभोवती रात्र जागवू आणि पहाटे टेकडीवरून सूर्य उगवताना पाहू. येताना रानफुलं आणा.'