नंबर तोच, ट्रॅक्टर वेगळा

प्रश्न : आजोबांनी १९६९ साली घेतलेला इंटरनॅशनल बी-२७५ अकरा वर्षं गोठ्यामागे उभा होता. मिस्त्रींनी इंजिन उघडलं आणि तालुक्याच्या दुकानातून '२७५'चं किट आणलं, पण पिस्टनच बसेनात. दुकानदार माल परत घेत नाही. घरचे म्हणतात, भंगारात घाला. भाग मिळतील का? खर्च किती येईल?
– एक वाचक, ता. नेवासा

उत्तर : भंगारात मुळीच घालू नका. चाळीस वर्षं हेच काम करतोय, बी-२७५ अजून उभा राहतो. घोळ झालाय तो नंबराचा. आज '२७५' म्हटलं की दुकानदार महिंद्रा २७५ डीआयचं किट काढतो. आजच्या त्या ट्रॅक्टरला तीन सिलेंडर, तुमच्याला चार. तुमचं इंजिन बीडी-१४४, म्हणजे १४४ घन इंचांचं. मूळ हा ट्रॅक्टर इंग्लंडात बनायचा, आणि साठच्या दशकात आपल्या कांदिवलीत तो तयार होऊ लागला. पुढे बी-२७५ नावातच डीआय, म्हणजे डिझेल थेट सिलेंडरात फवारणारं, इंजिनही आलं, तिथे जाणतेही फसतात. हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाला, हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना तापणारे प्लग) आहेत का, ते आधी बघा. असले तर तुमचं इंजिन डीआय नाही, आणि डीआयचे पिस्टन, नोझल, हेड काही चालणार नाही. डीआयच्या पिस्टनच्या डोक्यावर खोल वाटी असते. जुना आणि नवा शेजारी ठेवलात की लगेच कळेल.

आता खर्च. आकडा मी आज सांगणार नाही, कारण बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) मोजल्याशिवाय कुणी सांगितला तर तो अंदाजच. लेथवाल्याकडे दोन्ही मोजून घ्या. क्रँक ग्राइंड करावी लागली तर तिची बेअरिंग अंडरसाइज, म्हणजे आतून कमी मापाची, लागतील, म्हणून ग्राइंडिंगच्या आधी बेअरिंग घेऊ नका. हेडला तडा असेल तर मात्र खिसा हलका होईल.

बाकीची बॉल बेअरिंग आणि ऑइल सील ट्रॅक्टर कंपनीच्या नावाने मागूच नका. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ असेल तर आतला व्यास २५, बाहेरचा ५२, जाडी १५ मिलिमीटर. कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात दोन-तीनशेच्या आसपास मिळतं. सीलवरही अशीच तीन मापं असतात. 'ट्रॅक्टरचा भाग' म्हणून मागितलं की तीच वस्तू महाग पडते.

नट-बोल्ट इंची आहेत. जवळपास बसतोय म्हणून मिलिमीटरचा बोल्ट पान्याने दाबून घातला की आटे गेलेच. असे आटे गेलेले ब्लॉक मी पाहिलेत आणि दर वेळी जीव हळहळलाय.

बाकी मालासाठी लुधियाना आणि राजकोटच्या कारखानदारांकडे चौकशी करा, जुन्या मॉडेलचा माल तिथे बनतो. फोनवर नाव सांगून भागत नाही. फोटो आणि मापं पाठवा. बॉनेट, जाळी, मडगार्ड मात्र नवं शोधत बसू नका. त्यासाठी जुने ट्रॅक्टर तोडणाऱ्यांकडेच फेरी मारावी लागते, आणि ते काम सगळ्यात शेवटी. इंजिन आधी चालू होऊ द्या.

आणि मिस्त्रींना आजच फोन करा. जुने पिस्टन फेकले नसतील तर कोणता कुठल्या सिलेंडरचा ते खडूने लिहून गोणपाटात गुंडाळून ठेवायला सांगा. लेथवाला पहिल्यांदा तेच मागेल.