वल्ह्याला एक दिवस खाडा

प्रश्न : आम्ही चौघे दोन कनूंतून (वल्ह्याने चालवायच्या अरुंद उघड्या होड्यांतून) जानेवारीत रत्नागिरीहून मालवणला निघणार आहोत. मध्ये देवगडला एक दिवस पूर्ण थांबायचे आहे. हा दिवस आधी ठरवावा की अंग बोलू लागले की थांबावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी ठरवा, पण वार बघून नव्हे, तिथी बघून. भरलेली कनू तासाला चार-पाच किलोमीटर जाते. हिवाळ्यात वल्हवण्याजोगा समुद्र मिळतो तो उजाडल्यापासून दहा-अकरापर्यंत, मतलई वारा असतो तोवर. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटला की उघड्या होडीचे काम नाही. म्हणजे दिवसाला वीस किलोमीटर झाले तर भरपूर. पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग असे टप्पे घेत चौथ्या दिवशी देवगड येते.

आता तिथीचे. अमावास्या-पौर्णिमेला देवगडला भरती अकराच्या सुमारास आणि ओहोटी पहाटे पाचला. उजाडताना पाणी पार लांब गेलेले. होडी चिखलातून, कालवांच्या (धारदार शिंपल्यांच्या) खडकांतून उचलून न्यायची आणि मग आत शिरणाऱ्या पाण्याशी झगडत खाडीबाहेर पडायचे. दुपारी उलटा त्रास. उधाणाचे पाणी ओहोटीला जोरात बाहेर पडत असते, समोरून वायव्येचा वारा येतो, आणि खाडीच्या मुखावर लाटा उभ्या राहून फुटतात. अशा दोन लाटा आत आल्या की कनू भरलीच. अष्टमी ते दशमी भांगाचे पाणी असते, म्हणजे उधाणाच्या उलट, चढ-उतार कमी. भरती सकाळी सहा-साडेसातला येते, होडी असते तिथेच तरंगते आणि ओहोटी तुम्हाला अलगद बाहेर काढते. म्हणून उधाणात थांबा, भांगात चाला. देवगडचा मुक्काम पौर्णिमेला किंवा अमावास्येला येईल अशा बेताने रत्नागिरी सोडा. मुक्काम संपल्यावर पहिली सकाळ जरा जड जाईल, पण पुढे रोज भरती पाऊण-एक तासाने उशिरा सरकते आणि पाण्याचा जोरही उतरत जातो.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब ठाऊक असेलच : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला साडेसात. अंदाजाला ठीक आहे, निघायची वेळ मात्र भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरूनच ठरवा. तक्ताही जवळच्या बंदराचा हवा. मुंबईचा तक्ता देवगडला लावला तर तासाभराची चूक होते. देवगडची भरती मुंबईच्या आधी येते.

प्रश्न : रात्रभर होडी कुठे ठेवावी? जेटीला बांधली तर चालेल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : जेटीला नको. उधाणाला देवगड-मालवणकडे पाणी दोन मीटरहून जास्त चढते-उतरते. दोरी आखूड ठेवली तर ओहोटीला होडी टांगली जाते, लांब ठेवली तर भरतीला धक्क्याखाली अडकते. शिवाय ट्रॉलरांची ये-जा आणि डिझेलचा तवंग. पुळणीवरच, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरच घ्या.

पुळणीवर वाळलेले शेवाळ, काटक्या, नारळाच्या सोडणांची एक ओळ दिसते. ती शेवटच्या मोठ्या भरतीची खूण. होडी तिच्याही वर पाच-सहा पावले न्या. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे दुपारची भरती डोळ्यांनी बघून जागा ठरवणे. हिवाळ्यात रात्रीची भरती दुपारच्या भरतीपेक्षा वर येते. दुसरी चूक तिथीची. अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत पाणी रोज थोडे थोडे वर चढते, आणि सगळ्यात वरची रेघ पौर्णिमेनंतरही एक-दोन दिवसांनी पडू शकते. एकादशीला कोरडी राहिलेली जागा त्रयोदशीला बुडते.

होडी पालथी घाला, दोन्ही टोकांखाली वाळू भरलेली पोती द्या, नाळ (पुढचे टोक) आणि मागचे टोक अशा दोन दोऱ्या सुरूच्या बुंध्यांना बांधा. माडाखाली ठेवू नका. वरून आलेला नारळ फायबरचा तळ फोडतो आणि झाप पडली तरी चरा जातो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढायच्या वाटेत होडी आडवी आली तर पहाटे तुम्हाला उठवतील, आणि ते बरोबरच आहे. संध्याकाळी तिथल्या रापणकरांनाच विचारून जागा घ्या.

प्रश्न : खडकाला घासून फायबरच्या कनूला वीतभर तडा गेला आहे. चिकटपट्टी लावली, ती दुसऱ्या दिवशी सुटली. एका दिवसात पक्के काम होते का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : होते, पण ते मुक्कामाच्या सकाळी पहिले काम हवे. पट्टी सुटते ती मिठामुळे. वाळलेले मीठ हवेतला दमटपणा ओढते आणि चिकटा धरत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच ती जागा गोड्या पाण्याने दोनदा धुवा आणि होडी पालथी ठेवा. सकाळी दव उडाल्यावर, नऊच्या पुढे, सावलीत काम सुरू करा.

तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, नाहीतर तडा पुढे धावतो. चारी बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर पट्टा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा. चमक पूर्ण गेली पाहिजे. धूळ झटकून अ‍ॅसिटोनने पुसा. काचतंतूंच्या मॅटचे (चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाच्या) तीन तुकडे कापा, प्रत्येक आधीच्यापेक्षा दोन सेंटिमीटर मोठा. रेझिन (मॅट चिकटवणारा दाट द्रव) एका वेळी 100 ग्रॅमच कालवा, त्यात हार्डनर (तो घट्ट करणारे रसायन) एक ते दीड ग्रॅम. जास्त घातला तर वाटीतच धूर निघून गोळा होतो, कमी घातला तर रात्रीपर्यंत चिकट राहतो. ब्रशने ठोकत ठोकत हवा काढा. मॅटमध्ये पांढरा ठिपका राहिला तर तिथे रेझिन पोचलेले नाही.

एक धोका नीट लक्षात ठेवा. बंदरांत होड्यांची फायबरची कामे करणाऱ्यांकडे रेझिन, कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचे रसायन) आणि हार्डनर सुटे मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र कधीही करू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर मग.

दुपारपर्यंत हाताला कडक लागते, पण घासाला टिकायला चोवीस तास लागतात. दुपारी चारला लावलेला जोड पहाटे पाण्यात घातला तर पुन्हा हे सगळे आहेच. कनू रोटोमोल्ड (साच्यात फिरवून घडवलेल्या) प्लास्टिकची असेल तर रेझिनचे नावच काढू नका. त्या प्लास्टिकला ते धरत नाही, त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी गरम हवेने वितळवून जोड द्यावा लागतो.

प्रश्न : तळहाताला फोड आणि काखेत, कमरेला लाल पुरळ. मुक्कामात काय करावे?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : फोडाचे कातडे कापू नका. साबणाने धुवा, कोरडे करा, दिवसभर उघडे ठेवा, निघताना पट्टी. वल्ह्याची मूठ गोड्या पाण्याने घासून घ्या, तिच्यावरचे मिठाचे खडे सॅंडपेपरासारखे काम करतात. पुरळ कपड्यांतल्या मिठामुळे येते, म्हणून कपडे दोन पाण्यांतून काढा. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते, आधी जिभेवर घेऊन बघा. कालवाने पाय कापला असेल तर जखमेतले कवचाचे कण ब्रशने काढून धुवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन त्याच दिवशी घ्या. ते पुढच्या खेड्यात मिळेलच असे नाही.

प्रश्न : खाणे, पाणी आणि कळवायचे कुणाला?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरा. मुक्कामातच सगळे कॅन भरा, पहाटे दुकाने बंद असतात. मीठ-साखरेचे पाणी घरीच करता येते : एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. मासळी दुपारी खा. निघायच्या आदल्या रात्री तिसऱ्या-कालवे असल्या शिंपल्या नकोत, पेज किंवा कुळथाची पिठी आणि भात. समुद्रात पोट बिघडले तर थांबायला जागा नसते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सागरी पोलीस ठाण्यात माणसे किती, होड्यांचा रंग कोणता, पुढचा मुक्काम कुठे (देवगडहून मालवणकडे जाताना बहुधा आचरा) एवढे लिहून द्या. मोबाइलमध्ये 1093 हा सागरी पोलिसांचा आणि 1554 हा तटरक्षक दलाचा क्रमांक असू द्या. आणि आचऱ्याला पोचलात की देवगडच्या ठाण्याला फोन करा, नाहीतर ते तुम्हाला शोधत बसतील.