वाचक विचारतात : पहिलं वर्ष संपलं, आता काय काय उरकायचं?

या वेळची पत्रं आहेत कॉलेजचं पहिलं वर्ष नुकतंच संपलेल्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची. बहुतेकांचा घोळ एकाच ठिकाणी होतो. शेवटचा पेपर झाला की बॅग भरून गाव गाठायचं, आणि निकाल, फोटोकॉपी, शिष्यवृत्ती, खोली यांच्या तारखा तिकडे कॉलेजच्या नोटीस बोर्डावर येऊन जातात. नियम विद्यापीठागणिक बदलतात. जिथे फरक पडतो तिथे उत्तरात तसं म्हटलं आहे.

प्रश्न : मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. पहिल्या वर्षी गणित आणि आणखी एक विषय राहिला. तो म्हणतो, ‘बॅक आहे, काही होत नाही.’ नातेवाईक म्हणतात, वर्ष गेलं. खरं काय? रिव्हॅल्युएशनला पैसे घालावेत का? – एक आई, सातारा

उत्तर : दोन विषयांनी सहसा वर्ष जात नाही. मुलगा एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन पुढे जाण्याच्या मुभेवर, दुसऱ्या वर्षात जाईल. मात्र तुमच्या विद्यापीठात मोजणी विषयांची होते की क्रेडिट्सची (प्रत्येक विषयाला दिलेल्या वजनाची), हे परीक्षा विभागात विचारून घ्या. क्रेडिट्सची असेल तर गणितासारखा चार क्रेडिटचा विषय एक क्रेडिटच्या प्रॅक्टिकलपेक्षा चौपट जड पडतो. दोन्ही सत्रांची मोजणी एकत्र होते, हेही मुलं विसरतात. पहिल्या सत्रातला राहिलेला विषय दुसऱ्या सत्राच्या खात्यात मिळवूनच ‘वायडी’ (इयर डाउन, म्हणजे वर्ष गेलं) लागली की नाही ते ठरतं.

‘काही होत नाही’ हे मात्र अर्धंच खरं. तिसऱ्या वर्षात जाताना पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले असले पाहिजेत, अशी अट बहुतेक विद्यापीठांत असते. म्हणजे हातात दुसऱ्या वर्षातल्याच काय त्या संधी, आणि त्याही दुसऱ्या वर्षाच्या पेपरांच्या गर्दीत. राहिलेल्या विषयांचा अभ्यास आताच्या सुट्टीत संपवलेला बरा.

रिव्हॅल्युएशनला (पेपर पुन्हा तपासून घ्यायला) थेट हात घालू नका. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. अर्जाची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि ती थोडी असते, बऱ्याचदा आठ-दहा दिवसांची. फोटोकॉपी आली की चार गोष्टी पाहा. मुखपृष्ठावरच्या तक्त्यात प्रत्येक प्रश्नाचे गुण आतल्या पानांवरून बरोबर उतरले आहेत का. बेरीज जुळते का. पुरवण्या जितक्या जोडल्या तितक्या स्कॅनमध्ये आल्या आहेत का. आणि कुठलं उत्तर न तपासता राहिलं आहे का. लिहिलेलं पान आहे, पण त्यावर ना बरोबरची खूण ना चूक ना आकडा, असं दिसलं तर तिथेच तुमचे गुण अडकले आहेत. यानंतर विषयाच्या प्राध्यापकांना ती प्रत दाखवा. सात गुणांच्या गणितात पहिल्या तीन पायऱ्या बरोबर असून एकच गुण दिला असेल, तर ते पेन्सिलीने पुढे मांडून किती वाढू शकतात ते सांगतील. पास व्हायला दोन-चार गुण कमी पडत असतील आणि प्राध्यापकांचा अंदाज त्याहून जास्त असेल, तरच रिव्हॅल्युएशनचे पैसे भरा. वीस गुण कमी असताना भरलेले पैसे म्हणजे देणगी. प्रॅक्टिकल, ओरल, टर्मवर्क आणि अंतर्गत गुणांना ही सोय नसते. गुण कमी झाले तर कोणते धरायचे, याचा नियम अर्जावरच छापलेला असतो. सही करण्याआधी तो वाचा.

रिव्हॅल्युएशनचा निकाल येईपर्यंत थांबून राहिलेल्या विषयांचा परीक्षा फॉर्म चुकवू नका. बॅकलॉगच्या फॉर्मची मुदत बऱ्याचदा रिव्हॅल्युएशनच्या निकालाआधीच संपते.

गणित राहण्याचं एक कारण बारावीच्या सवयीत आहे. एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत पर्याय असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे उत्तर ‘ओळखायची’ सवय लागते. विद्यापीठाच्या पेपरात गुण पायऱ्यांना असतात. मुलगा सोडवलेली उदाहरणं नुसती वाचत असेल, व्हिडिओ पाहून मान डोलवत असेल, तर पुन्हा तेच होईल. सहा आठवडे, रोज दोन तास, कागदावर हाताने. आधी मागचे पाच पेपर घेऊन कुठल्या युनिटवर कुठला प्रश्न येतो याचा तक्ता करायला सांगा. ‘हा किंवा तो’ अशी निवड असलेल्या पेपरात प्रत्येक युनिटचा एक ठरावीक साचा सापडतो: आयगेन व्हॅल्यू, केली-हॅमिल्टन, फूरिए सिरीज, एक्झॅक्ट डिफरन्शियल इक्वेशन. यातली पद्धत ठरलेली असते, सरावाने हात बसतो. कर्व्ह ट्रेसिंग आणि मल्टिपल इंटिग्रल्सच्या मर्यादा मांडणं याला वेळ लागतो, ते नंतर. शेवटच्या दोन आठवड्यांत घड्याळ लावून पूर्ण पेपर. दुसऱ्या राहिलेल्या विषयाला रोज वेगळा एक तास पुरेल.

प्रश्न : एका विषयात नापास झाल्याने माझं एसजीपीए इतकं कसं खाली आलं? आणि एका फॉर्मवर टक्के मागितलेत, ते कसे काढू? – विद्यार्थी, नाशिक

उत्तर : एसजीपीए म्हणजे एका सत्राची सरासरी. ग्रेड पॉइंटला क्रेडिटने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिट्सने भागायचं. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. समज, सत्राची २२ क्रेडिट्स आहेत. १८ क्रेडिट्समध्ये तुला सरासरी ८ पॉइंट मिळाले, म्हणजे १४४. उरलेला चार क्रेडिटचा विषय राहिला, तर १४४ भागिले २२ म्हणजे ६.५५. तोच विषय काठावर पी मिळवून सुटला असता तर १६० भागिले २२, म्हणजे ७.२७. बी मिळाला असता तर ७.६४. याउलट एक क्रेडिटच्या लॅबमध्ये ए ऐवजी ओ मिळवलास तर वाढ फक्त ०.०९ ची. जर्नल सजवण्यात रात्री घालवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. काही विद्यापीठं विषय सुटेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत, त्याने घाबरायचं कारण नाही.

टक्क्यांसाठी स्वतःच्या विद्यापीठाचं सूत्र वापर. ते गुणपत्रिकेच्या मागे किंवा परिपत्रकात असतं. तसं काहीच दिलेलं नसेल तर एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यानुसार पॉइंटमधून ०.७५ वजा करून दहाने गुणतात: ६.७५ चे ६० टक्के, ८.२५ चे ७५. नुसतं दहाने गुणून फॉर्म भरू नकोस. कागदपत्रं तपासताना तो आकडा जुळत नाही.

प्रश्न : मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. घरच्या अडचणीमुळे वर्षभर थांबावं लागेल. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट मिळतं असं ऐकलं, ते घेऊ का? – विद्यार्थिनी, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : मिळतं, पण आपोआप नाही. पहिल्या दोन सत्रांची ४० ते ४४ क्रेडिट्स पूर्ण हवीत. त्यावर सुट्टीत चार क्रेडिटचा व्यवसाय-कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप वेगळी करावी लागते. हे चार राहिले की सर्टिफिकेटही राहतं, आणि इथेच मुली अडकतात: कॉलेज सोडल्यावर कळतं. तेव्हा ‘एक्झिट’चा, म्हणजे मध्येच बाहेर पडण्याचा, अर्ज लेखी दे आणि चार क्रेडिट्स कुठून करायची हे विभागप्रमुखांकडून आताच लिहून घे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यानुसार परत यायला तीन वर्षांची मुदत आहे आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करायची असते. डिजीलॉकरवर अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडून त्यात दोन्ही सत्रांची क्रेडिट्स जमा झालीत का ते पाहा. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि कॉलेजकडे दुसरं असेल तर ती तिथे दिसत नाहीत. दुरुस्ती कॉलेजमधूनच होते, आणि तू तिथली विद्यार्थिनी असेपर्यंत लवकर होते.

आमचं मत विचारशील, तर नुसत्या एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळेल ही आशा धरू नकोस. त्याचा खरा उपयोग परत येताना वाट मोकळी ठेवण्यापुरता. एक वर्षाचाच प्रश्न असेल तर खंड घेण्याचे तुमच्या कॉलेजचे नियमही विचार, कदाचित एक्झिटची गरजच पडणार नाही.

प्रश्न : महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) शिष्यवृत्ती पहिल्या वर्षी मंजूर झाली. दुसऱ्या वर्षी पुन्हा सगळं करायचं का? – विद्यार्थी, परभणी

उत्तर : दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरायचाच. जुन्याच युजरनेमने. पासवर्ड विसरला म्हणून नवीन प्रोफाइल उघडली की एकाच आधारवर दोन नोंदी होतात आणि दोन्ही अडकतात.

गावी आहेस तोवर उत्पन्नाचा दाखला काढून घे. मुदत दाखल्यावर लिहिलेली असते आणि ती बहुधा ३१ मार्चला संपते, म्हणजे प्रवेशाच्या वेळी दाखवलेला आता चालणार नाही. जून-जुलैत तहसीलला आणि सेतू केंद्रावर दहावी-बारावीच्या मुलांची झुंबड असते. नॉन-क्रीमीलेयर लागत असेल तर त्याचीही तारीख आताच बघ.

पैसे न येण्याचं एक नेहमीचं कारण बँकेत असतं. ही रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. वर्षभरात कॉलेजजवळ नवं खातं उघडलं असेल आणि तिथे आधार जोडलं असेल, तर पैसे तिकडे गेले असतील. माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस पाहिलं की दोन मिनिटांत उलगडा होतो.

कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनमध्ये अर्ज पडून राहणं हे दुसरं कारण. अर्ज भरल्यावर स्थिती दर आठवड्याला पाहा. त्रुटी काढून परत आलेल्या अर्जाला मुदत असते आणि तिचा फोन कुणी करत नाही. बहीण इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला असेल तर तिलाही सांग: २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे, तीही याच पोर्टलवरून.

प्रश्न : मेकॅनिकलमधून कॉम्प्युटरला जायचं आहे. सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून सरासरी) ८.१. जमेल का? – विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तिथे जागा रिकामी झाली तरच. कॉम्प्युटर सोडून फार कमी मुलं जातात, त्यामुळे ८.१ वर भरवसा ठेवू नकोस. निवड पहिल्या वर्षाच्या गुणांवर होते आणि एकही बॅक नसावा लागतो. अर्ज मात्र जरूर दे, कॉलेजच्या कार्यालयात नोटीस लागते त्याच आठवड्यात. नाही झालं तर एआयसीटीईच्या रचनेत १८ ते २० जादा क्रेडिट्स करून दुसऱ्या शाखेची मायनर (जोड) पदवी घेता येते. आठवड्याला तीन-चार तास वाढतील, हे धरून चाल.

प्रश्न : हॉस्टेल सोडून चौघी मैत्रिणी फ्लॅट घेतोय. काय बघावं? मेसच्या खाड्यांचे पैसेही अडकलेत. – विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : मेसचं आधी. बहुतेक मेसवाले तीन-चार दिवस सलग आणि आधी सांगितलेलेच खाडे धरतात. महिन्याचे ३,००० आणि दोन वेळचं जेवण, म्हणजे एका वेळेचे ५० रुपये. दहा दिवसांचे हजार होतात. वहीत तारखा नसतील तर भांडण्यात अर्थ नाही. पुढच्या महिन्यातून वळते करायला सांग, ते सहसा मान्य होतं.

हॉस्टेलची अनामत ‘नो ड्यूज’वर सगळ्या सह्या झाल्याशिवाय निघत नाही. ग्रंथालय, लॅब, जिमखाना, रेक्टर. खोलीची पाहणी तुझ्यासमोर करून घे आणि रिकाम्या खोलीचे, पंख्याचे, पलंगाचे फोटो काढून ठेव.

फ्लॅटच्या करारात चौघींची नावं हवीत. एकीच्याच नावावर करार आणि बाकीच्या कॉट बेसिसवर असल्यासारख्या, असं केलं की ती एक सोडून गेल्यावर अनामत कुणाची यावर मैत्री संपते. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स (भाड्याच्या) कराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे. भाडं २०,००० आणि अनामत ६०,००० धरली, तर मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक अनामतीवरचं दहा टक्के व्याज यांच्या ०.२५ टक्के, म्हणजे ५६४ रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,०००. करार करून देणाऱ्या एजंटाचं शुल्क वेगळं. यापेक्षा फार मोठा आकडा सांगितला तर हिशेब मागा. सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का, किती, आणि नोटीस किती दिवसांची, हे तोंडी नको, करारातच हवं. पाणी किती वाजता येतं हे मालकाला नाही, शेजारच्या फ्लॅटमध्ये विचारा.

प्रश्न : सुट्टीत इंटर्नशिप केलीच पाहिजे का? सगळे लिंक्डइनवर टाकतायत. – विद्यार्थी, ठाणे

उत्तर : पहिल्या वर्षानंतर नाही. पैसे भरून मिळणारी ‘इंटर्नशिप’ तर मुळीच नाही. काही करायचंच असेल तर जुलैच्या सत्रात एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमातला) एक कोर्स घे. शिकणं फुकट, परीक्षेचे १,००० रुपये. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण; प्रमाणपत्राला त्यात १० आणि ३० मिळावे लागतात. आठ आठवड्यांच्या कोर्सला चांगल्या सहा असाइनमेंट धरतात, म्हणून दोन बुडाल्या तरी चालतं. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. तारीख तुझ्या सत्र परीक्षेवर येत नाही ना, ते नोंदणी करतानाच बघ.

प्रश्न : मिनी ड्राफ्टर (ड्रॉइंगचं साधन), वर्कशॉपचा एप्रन, पहिल्या वर्षाची पुस्तकं विकू का ठेवू? – विद्यार्थी, सांगली

उत्तर : ड्राफ्टर आणि एप्रन विक. नवीन प्रवेश सुरू झाले की निम्म्या किमतीला जातात. ड्राफ्टरच्या पट्ट्या काटकोनात आहेत का तपासून दे, पडलेला असला तर त्या हलतात. गणिताचं पुस्तक ठेव, दुसऱ्या वर्षाच्या गणितात ते लागतं. केमिस्ट्री विकलंस तरी चालेल. विषय राहिला असेल तर निकाल हातात येईपर्यंत काहीच विकू नकोस.